अर्ध्यावर उतरवलेले पातेले

ठाणे, डोंबिवली आणि कल्याण या शहरांत स्वयंपाक एका दमात पुरा होण्याची सवड फार थोड्या घरांना मिळाली आहे. कधी गाडीची वेळ मध्ये आली, कधी नळाची. रॉकेल संपले, सिलिंडर संपले, वीज गेली, पावसाळ्यात घरात पाणी शिरले. त्यामुळे पातेले अर्ध्यावर उतरवायचे कसे, पुन्हा चढवायचे कसे आणि या ओढाताणीत जास्त शिजलेल्या भाताचे, शेवयांचे किंवा अलीकडे पास्त्याचे करायचे काय, याची एक पद्धतच इथल्या घरांत रुळत गेली. जळण बदलले तशी तीही बदलली, म्हणून तिचा इतिहास जळणाच्या क्रमानेच पाहावा लागतो.

सुरुवात चुलीपासून. खाडीकाठच्या आगरी-कोळी वस्त्यांत, कल्याणच्या जुन्या वाड्यांत आणि आसपासच्या कुणबी गावांत मातीच्या चुलीला लागूनच वैल असे. मुख्य चुलीतला जाळ आणि धग आतल्या वाटेने वैलाखाली जाई. तिथे भांडे उकळत राहत नसे, पण थंडही होत नसे. शेतावरून माणसे केव्हा परततील, भरतीला गेलेली होडी केव्हा लागेल, हे कोणालाच नक्की सांगता येत नसे. मग डाळ तीन हिस्से शिजली की ती वैलावर सरकवायची, वर पाणी घातलेली ताटली झाकण म्हणून ठेवायची आणि माणसे आली की पुढची आच द्यायची. ताटलीतल्या पाण्यामुळे आतली वाफ थंड होऊन पुन्हा भांड्यात पडे, डाळ आटून तळाला लागत नसे, आणि ते कोमट पाणी पुढे डाळीत घालायलाही कामाला येई.

भाताची रीत वेगळी होती. भरपूर पाण्यात भात रटरटू द्यायचा, शीत दाबून पाहायचे, आत किंचित कणी राहिली असतानाच वेळून पाणी काढायचे आणि पातेले निखाऱ्यावर ठेवून उरलेले शिजणे वाफेवर सोडायचे. कामात कोणी अडकले तरी पाणी आधीच निघालेले असल्यामुळे भात पुढे फार बिघडत नसे. काढलेली पेज मीठ घालून पिण्यात जाई. आज पास्ता शिजवताना जे करायला सांगतात ते जवळजवळ हेच आहे. प्रेशर कुकर आल्यानंतर शहरी घरांतून वेळणे मागे पडले, आणि त्याबरोबर भात हवा तिथे थांबवण्याची सोयही गेली, ही या बदलातली खरी हानी.

पिठापासून वळून, वाळवून, पाण्यात शिजवायचे पदार्थही महाराष्ट्रात जुनेच आहेत. त्यांना वळवट म्हणतात. चैत्र-वैशाखात घट्ट भिजवलेल्या रव्यापासून किंवा सपिटापासून शेवया, तांदळाच्या दाण्याएवढे गव्हले, नखावर दाबून केलेले नखुले, बोटवे, मालत्या असे प्रकार बायका एकत्र बसून करीत. लग्नाच्या रुखवतात ते आजही मांडले जातात. नखुल्यांचा आणि दक्षिण इटलीतल्या कावातेल्ली या पास्त्याचा आकार पुष्कळ मिळताजुळता आहे, आणि दोन्हीकडे कसब एकच: कणकेच्या गोळीवर दाब देऊन मध्ये खळगा करायचा, म्हणजे ती सगळीकडून सारखी शिजते. गव्हाची निवडही सारखीच. शेवयांसाठी महाराष्ट्रात बन्सी गहू पसंत करीत आणि बन्सी हा ड्युरम जातीचाच कठीण गहू आहे, ज्याच्या रव्यापासून इटलीत वाळवलेला पास्ता करतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने ‘एमएसीएस’ या नावाने ड्युरमचे अनेक वाण दिले आहेत. ‘एमएसीएस ४०२८’ हा त्यांतला अलीकडचा, कमी पाण्यात येणारा आणि पास्त्याला चालणारा वाण.

वळवटाचा किंवा ताज्या कणकेच्या फळांचा लगदा होऊ नये म्हणून जुन्या घरांत तीन गोष्टी कटाक्षाने पाळल्या जात आणि तिन्हींना भक्कम कारण आहे. गव्हले आधी तुपावर परतायचे. तुपाचा पातळ थर बसला की पाणी आत सावकाश शिरते. ते पुरते शिजल्याखेरीज गूळ किंवा साखर घालायची नाही, कारण गोडी पाण्याला धरून ठेवते आणि पुढचे मऊ होणे जवळजवळ थांबते. दाणा कच्चा असताना साखर पडली तर तो कच्चाच राहतो. पण खीर अर्ध्यावर सोडून उठावे लागले आणि गव्हले शिजले असले, तर हीच साखर त्यांना आणखी फुटू देत नाही. तिसरी गोष्ट चकोल्यांची, म्हणजे वरणफळांची. आमटी उकळून तयार ठेवायची, पोळी लाटून चौकोन कापून ठेवायचे, पण माणसे पानावर बसेपर्यंत ते आमटीत सोडायचे नाहीत. सोडल्यावर पाच-सात मिनिटांत फळे होतात आणि अर्ध्या तासात त्यांची खळ होते.

स्वयंपाकाला गाडीची वेळ चिकटली ती रेल्वेमुळे. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबईच्या बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी आली. १ मे १८५४ रोजी लोहमार्ग कल्याणपर्यंत पोहोचला. ठाणे मुंबईपासून ३४ किलोमीटर, डोंबिवली सुमारे ४८ आणि कल्याण ५४. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थकात विजेच्या गाड्या धावू लागल्या, स्वातंत्र्यानंतर गिरगाव-दादरच्या चाळींतून जागेच्या शोधात मराठी कुटुंबे डोंबिवलीकडे सरकली, आणि स्वयंपाकघराचे घड्याळ स्टेशनावर गेले. सकाळी सहा-साडेसहाची गाडी पकडायची तर पहाटे साडेचारला स्टोव्ह पेटायचा. त्याच वेळात डबा, घरच्यांचा नाश्ता आणि दुपारचे जेवण बसवायचे म्हटल्यावर स्वयंपाक तुकड्यांत वाटणे भागच होते. रात्री भाजी चिरून ठेवायची, डाळ-तांदूळ निवडून ठेवायचे, कणीक भिजवून तेलाचा हात लावून झाकायची. सकाळी फोडणी आणि पोळ्या एवढेच बाकी.

परतीची वेळ मात्र कोणाच्या हातात नसते. सिग्नल बिघडला, मुंब्र्याजवळ गाड्या रखडल्या की तास-दोन तास सहज जातात. बायका मोठ्या संख्येने नोकरीला जाऊ लागल्या तशी स्वयंपाकाची पूर्वतयारी गाडीच्या डब्यातच सुरू झाली. पिशवी मांडीवर, वर्तमानपत्राचा कागद पसरलेला, एक जण मटार सोलते, शेजारची मेथी निवडते, तिसरी कोथिंबिरीच्या काड्या मोडून ओल्या फडक्यात गुंडाळते, आणि ठाणे येईपर्यंत उद्याची भाजी तयार असते. लेडीज डब्यातले हे दृश्य अनेक दशके नित्याचे होते. डोंबिवलीत आणि ठाण्यात गल्लोगल्ली निघालेली पोळी-भाजी केंद्रे याच गरजेतून वाढली. त्यांनी वेळखाऊ काम, म्हणजे पोळ्या, घराबाहेर नेले. वरण-भाताचा कुकर मात्र बहुतेक घरांत घरचाच राहिला, कारण गाडी कितीही रखडली तरी तो पंधरा मिनिटांत होतो.

जळणाची गोष्ट याला समांतर चालते. चाळीत चूल मांडणे अवघड, म्हणून कोळशाची शेगडी आली. ती एकदा फुलली की आवरता येत नसे. राख पसरून आच मंद करायची, एवढाच उपाय. भुशाची शेगडी त्याहून हट्टी: मध्ये भोक ठेवून लाकडाचा भुसा ठासून भरायचा, पेटवायचा आणि भुसा संपेपर्यंत ती जळू द्यायची. स्वस्त होती, पण तिच्यासमोरून उठून जाण्याची सोय नव्हती. स्टोव्हने ती सोय दिली. स्वीडनच्या फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट यांनी १८९२ मध्ये बाजारात आणलेला प्रायमस हवेच्या दाबावर चालणारा. पंप मारायचा, पिनने भोक साफ करायचे, आणि चावी सोडली की ज्योत लगेच विझते. स्वयंपाक हवा तेव्हा थांबवता येण्याची ही पहिलीच खरी सोय होती. त्याचा आवाज आणि भडक्याची भीती यांमुळे अनेक घरांनी पुढे वातीचा स्टोव्ह पसंत केला. इंडियन ऑइलच्या फरिदाबादच्या संशोधन केंद्रातून १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात निघालेला ‘नूतन’ त्यांतला सर्वांत ओळखीचा.

स्टोव्ह अडला तो रॉकेलपायी. १९७२ च्या दुष्काळाचा आणि १९७३ च्या तेलसंकटाचा काळ असा होता की डबे रांगेत ठेवून माणसे ताटकळत. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते यांच्या पुढाकाराने मुंबईत १९७२ मध्ये महागाईविरोधी महिला समिती उभी राहिली आणि थाळ्या-लाटणी घेऊन बायका रस्त्यावर आल्या. धान्य, तेल, साखर आणि रॉकेल या त्यांच्या मागण्या थेट चुलीपाशी पोहोचणाऱ्या होत्या. घराघरांत त्या वर्षांनी एक सवय लावली: आधी सर्वांत जास्त वेळ घेणारे भांडे चढवायचे, ते उतरवून बोचक्यात किंवा जुन्या गोधडीत गुंडाळून ठेवायचे आणि स्टोव्ह दुसऱ्या भांड्याला द्यायचा. गुंडाळलेली डाळ आपल्याच उष्णतेवर पुढे शिजत राही. युरोपात गवताच्या पेटीत भांडे ठेवून हेच करीत.

थांबण्याचा प्रश्न सर्वांत सुबक सोडवला तो एका बंगाली डॉक्टरने. कोलकात्याचे इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० च्या सुमारास इकमिक कुकर काढला. एकावर एक डबे, खाली मोजके निखारे, सगळे वाफेवर. निखारे विझले की स्वयंपाक आपोआप थांबे. त्यामुळे सकाळी लावून कामावर गेलेल्या माणसाचे अन्न करपत नसे. एकटे राहणारे नोकरदार आणि विद्यार्थी यांच्यात हे कुकर प्रिय होते. प्रेशर कुकरने डब्यांची मांडणी उचलली, निखारे मात्र सोडले. एच. डी. वासुदेव यांनी १९५९ मध्ये हॉकिन्स कंपनी सुरू केली. तिचा एक कारखाना ठाण्याच्या वागळे इस्टेटीत आहे. १ ऑगस्ट १९६२ रोजी स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची वागळे इस्टेट ही पहिली वसाहत. आतून बसणारे झाकण दाब असेपर्यंत उघडत नाही, हे या कुकरचे वैशिष्ट्य. सुरक्षिततेसाठी ते उत्तमच आहे, पण मध्येच शीत दाबून पाहण्याची शक्यता त्याने काढून घेतली. डोळ्यांची जागा कानांनी घेतली आणि शिट्ट्या मोजणे सुरू झाले.

कुकरमध्ये पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत तापते. म्हणून दुसऱ्या शिट्टीला गॅस संपला तरी घाबरण्याचे कारण नसते. दाब आपणहून उतरायला आठ-दहा मिनिटे लागतात आणि तेवढ्यात भात पुरा होतो. तूरडाळ कच्ची राहू शकते. तिला पुन्हा दाब द्यावा लागतो. उलट, फोनवर बोलता बोलता शिट्ट्या मोजायच्या राहिल्या, तर भात गिच्च होणार हे नक्की. असा कुकर गार पाण्याच्या नळाखाली धरून दाब लगेच उतरवला, झाकण काढून भात परातीत पसरला, तर निम्मे तरी वाचते. झाकून ठेवलेला भात वाफेवर आणखी फुगतो.

बर्मा-शेलने १९५० च्या दशकात मुंबईत सिलिंडरचा गॅस आणला. ठाणे-डोंबिवलीच्या मध्यमवर्गाला तो सहज मिळायला तीन दशके गेली. नंबर लावून वर्षानुवर्षे थांबावे लागे, आणि मिळाल्यावरही १४.२ किलोचे एकच सिलिंडर असलेल्या घरात गॅस संपणे ही महिन्या-दीड महिन्याची ठरलेली अडचण होती. ज्योत पिवळी पडू लागली की जाणत्या बायका पुरणासारखे लांबणारे काम काढीत नसत. स्टोव्ह माळ्यावर जपून ठेवलेला असे. २०१२ च्या सप्टेंबरात अनुदानित सिलिंडरांवर वर्षाला सहाची मर्यादा आली. ती पुढे नऊ आणि २०१४ मध्ये बारा झाली. १९९५ मध्ये स्थापन झालेल्या महानगर गॅसच्या नळ्या इमारतींत पोहोचल्यावर ही अडचण त्या घरांपुरती मिटली.

पाण्याची मिटली नाही. ठाणे महापालिका १९८२ मध्ये आणि कल्याण महापालिका १९८३ मध्ये झाली. लोकसंख्या पाणीपुरवठ्याहून वेगाने वाढली. नळ ठरावीक वेळीच येणार, म्हणजे पाणी भरण्यासाठी फोडणी टाकून उठणे आलेच. २०१५ मध्ये पाऊस तोकडा पडला आणि २०१६ च्या उन्हाळ्यात ठाणे जिल्ह्यातल्या शहरांत आठवड्यातले काही दिवस पुरवठा पूर्ण बंद राहू लागला. अशा दिवसांत वेळून टाकायच्या पाण्याची चैन परवडत नाही. बेताच्या पाण्यातली खिचडी, पिठले, भाकरी हेच पदार्थ चालतात.

विजेचे संकट दीर्घ होते. दाभोळचा वीजप्रकल्प २००१ मध्ये बंद पडला, मागणी वाढत गेली आणि जून २००५ मध्ये वीज मंडळाचे विभाजन होऊन महावितरण स्थापन झाली त्या काळात राज्यात भारनियमन पक्के बसले होते. मुंबईत टाटा, रिलायन्स आणि बेस्टच्या ग्राहकांना ते जवळपास जाणवले नाही. ठाणे-कल्याणच्या महावितरणच्या ग्राहकांना रोज जाणवले. हा भेद इथल्या लोकांना फार लागला आणि तो लागणे रास्तच होते: एकाच लोकलने जाणाऱ्या दोन माणसांपैकी एकाच्याच घरी अंधार असे. गॅस चालू असूनही स्वयंपाक अडे, कारण मिक्सर बंद, पिठाची गिरणी बंद, इमारतीच्या टाकीत पाणी चढवणारा पंप बंद. साध्या इन्व्हर्टरला दिवे-पंखे पेलत, मिक्सर नाही. वाटण आधीच करून ठेवणे किंवा खोबरे किसून, खसखस कोरडीच कुटून घेणे हे पर्याय पुन्हा आले, आणि कोपऱ्यात पडलेला पाटा-वरवंटा कित्येक घरांत धुऊन काढला गेला. कमी वीजगळती असलेल्या भागांतले भारनियमन २०१२ च्या अखेरीस संपले.

२६ जुलै २००५ हा दिवस या साऱ्याहून निराळा. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. उल्हास आणि वालधुनी नद्यांनी बदलापूर-कल्याणच्या सखल भागांत तळमजल्यांवरची स्वयंपाकघरे बुडवली. चढवलेली भांडी तशीच टाकून माणसे वरच्या मजल्यांवर गेली, आणि तिथल्या घरांत मोठ्या पातेल्यांत खिचडी शिजली. पुराच्या पाण्याचा स्पर्श झालेले अन्न आणि पीठ टाकूनच द्यावे लागते. तिथे काटकसर चालत नाही.

पास्ता या इतिहासात अगदी शेवटी येतो. १९८३ मध्ये मॅगी आली आणि दोन मिनिटांत शिजणाऱ्या शेवयांची मुलांना गोडी लागली. २००० नंतर वाण्याच्या दुकानातही पास्त्याची पाकिटे दिसू लागली, आणि कोरम (२००९) व विवियाना (२०१३) हे ठाण्यातले मॉल उघडले तोवर पास्ता घरचा पदार्थ झाला होता. आई-वडील कामावरून येईपर्यंत शाळकरी मुलांनी स्वतः करून खाण्याचा पदार्थ म्हणून तो विशेष रुजला. म्हणूनच तो अर्ध्यावर सोडला जाण्याची आणि जास्त शिजण्याची शक्यताही मोठी: दाराची बेल, क्लासची वेळ, आजीची हाक.

पास्ता बिघडतो कसा, हे समजले की त्याला वाचवणेही जमते. गव्हातला स्टार्च साधारण ६० ते ७० अंशांच्या दरम्यान पाणी पिऊन फुगू लागतो. ग्लुटेनची जाळी त्याला धरून ठेवते. ड्युरमची जाळी घट्ट असते. साध्या गव्हाच्या सुजीपासून केलेल्या स्वस्त पास्त्याची सैल असते, म्हणून तो पाकिटावरच्या वेळेच्या दोन-तीन मिनिटे आधीच तपासावा. गॅस बंद केला तरी झाकलेल्या पातेल्यातले पाणी अर्धा तास तरी ७० अंशांच्या वर राहते, आणि तेवढा वेळ पास्ता फुगतच जातो. नोबेल पारितोषिक मिळालेले इटलीचे भौतिकशास्त्रज्ञ जॉर्जो पारिसी यांनी २०२२ मध्ये, युरोपात गॅस महागला असताना, उकळी आल्यावर आच बंद करून झाकणाखाली पास्ता शिजवण्याचा पुरस्कार केला. तत्त्व वैलाचेच. तेव्हा उठून जायचे असेल तर नुसता गॅस बंद करून भागत नाही. पास्ता पाण्यातून काढायला हवा. चाळणीत वेळून, गार पाण्याने धुऊन, चमचाभर तेल चोळून तो ताटात पसरून ठेवावा आणि वाटीभर पेज बाजूला काढावी. परतल्यावर सॉस आणि ती पेज उकळून त्यात मिनिटभरच परतला की पुरे. एरवी धुतलेल्या पास्त्याला सॉस नीट धरत नाही म्हणून धुऊ नये म्हणतात, पण अडचणीच्या वेळी धुणेच योग्य.

कधी उठून जायची गरजच पडत नाही, आच आपणहून जाते. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास कळवा-पडघा वाहिन्यांतल्या बिघाडाने मुंबईसह ठाण्याची वीज गेली. टाळेबंदीचे ते दिवस होते, बरेच जण घरीच. इंडक्शनच्या शेगडीवर स्वयंपाक करणाऱ्यांचे पातेले तिथेच थांबले. काचेखालची गुंडाळी तापत नाही, भांडेच तापते, त्यामुळे वीज गेली की धग लगेच ओसरते. गॅसवाल्या शेजाऱ्याकडे पातेले नेणे हाच अशा वेळी जवळचा मार्ग.

एवढे करूनही जो पास्ता हाताला लगद्यासारखा लागतो तो सॉसमध्ये ढवळला की फुटतो. त्याला कोरडी आच द्यावी. इथल्या घरांत त्याचे तेच होते जे गिच्च भाताचे होत आले आहे. भाताचा दहीभात, मुटके किंवा ऊन असेल तर सांडगे होतात. पास्ता कुस्करून त्यात बेसन, तांदळाचे पीठ, कांदा, मिरची, ओवा घालून थालीपीठ लावले, किंवा बटाट्याबरोबर मळून रव्यात घोळवून कटलेट तळले, की मऊपणा आत राहतो आणि बाहेरून कडा कुरकुरीत येतात. जास्त शिजलेल्या शेवयांच्या उपम्याला फोडणी पडलेली असल्याने त्याची खीर होत नाही, पण त्याचे धिरडे छान होते. तळाला लागलेले मात्र ढवळू नये. वरचे अलगद दुसऱ्या भांड्यात काढावे, खालचे सोडून द्यावे.

एक मर्यादा सगळ्यांना सारखीच लागू आहे. भात आणि पास्ता यांत बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही जिवंत राहतात. अन्न ५ ते ६० अंशांच्या दरम्यान रेंगाळले की ते वाढतात, आणि त्यांचे एक विष पुन्हा उकळूनही नष्ट होत नाही. म्हणून शिजलेला भात किंवा पास्ता दोन तासांच्या आत खावा, पसरून गार करून फ्रिजमध्ये ठेवावा, किंवा वाफाळता गरम ठेवावा. मांस-मासळी आणि अंडी अर्धकच्ची उतरवून ठेवूच नयेत. वीज गेलेली असेल तर फ्रिज उघडझाप न करता बंद ठेवावा. साधारण चार तास त्यातला गारवा टिकतो.